एका दिवसात बसलेला दात आणि हिरडीची कड



मुरबाड तालुक्यातून एका शेतकरी भावाचे पत्र आले आहे. पहिल्या दोन ओळी भेंडीवरच्या केवड्याबद्दल आहेत, त्यांचे उत्तर पुढील अंकी देईन. बाकीचे सारे पत्र बहिणीच्या दाताविषयी आहे. बहीण बावीस वर्षांची. स्कूटीवरून पडून वरचा समोरचा दात हिरडीच्या आत मुळात मोडला. लग्न ठरले आहे, वैशाखातली तारीख धरली आहे. शहरातल्या एका दवाखान्याने सांगितले, की मोडके मूळ काढून त्याच बैठकीत जबड्याच्या हाडात स्क्रू बसवू आणि संध्याकाळी दातासकट घरी पाठवू. खर्चासाठी एक दुभती म्हैस विकायचा विचार चालला आहे. मग हा भाऊ विचारतो : "साहेब, आमच्या शेजारच्या पाड्यावरील वहिनींनी असाच दात बसवला. पहिले वर्ष कुणी ओळखलेही नाही. आता तो दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो, वर काळसर कड दिसते, आणि वहिनी तोंडाशी पदर धरून हसतात. ताईचे तसे झाले तर?"

शेतीच्या सदरात दाताचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण घरची म्हैस विकून उभा राहणारा पैसा कुठे जातो, हे आम्ही नाही पाहायचे तर कुणी पाहायचे? मी दंतवैद्य नाही, औषध सांगणार नाही. मात्र कोणतीही नवी रीत गावात आली की ती कुठल्या जमिनीत चालते आणि कुठल्या जमिनीत चालत नाही, हे विचारण्याची सवय कृषी महाविद्यालयापासून लागलेली आहे. तीच इथे लावतो.

ही विद्या आली कुठून ते थोडक्यात सांगतो. स्वीडनमधील डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ साली लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूचे एक लहान यंत्र बसवून हाड कसे भरून येते ते पाहत होते. काम संपल्यावर यंत्र काढायला गेले तर ते निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली गोटेबर्ग येथे पहिल्या माणसाच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. तेव्हाची रीत सबुरीची होती. दात काढावा, खड्डा भरून येऊ द्यावा, मग स्क्रू बसवून हिरडी शिवावी, पुन्हा काही महिने थांबावे आणि मग वर दात चढवावा. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेन येथे विल्फ्रीड शुल्टे यांनी १९७० च्या दशकात दात काढल्याबरोबर ताज्या खड्ड्यातच खुंटी बसवण्यास सुरुवात केली. त्यांची खुंटी धातूची नव्हती, चिनी मातीच्या जातीची होती. आज जाहिरातीत 'एका दिवसात दात' म्हणतात ती रीत याच वाटेने आलेली आहे.

स्क्रू हाडात धरेल की नाही, ही आता मोठी काळजी राहिलेली नाही. चांगल्या हाताने बसवलेले शंभरातले नव्वदाहून अधिक स्क्रू टिकतात, मग ते लगेच बसवलेले असोत वा थांबून. पत्रातल्या वहिनींचाही स्क्रू घट्टच असणार. प्रश्न हिरडीचा आहे.

हिरडी ही हाडावर अंथरलेली गोधडी आहे. खाली हाड जिथवर, साधारण तिथवर ती. वरच्या समोरच्या दाताला ओठाकडच्या बाजूने हाडाची जी भिंत असते ती बहुतेक माणसांत एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. आणि ही भिंत, विशेषतः तिची कड, दाताच्या जिवावर जगते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक पडदा असतो, त्यातून तिला रक्त मिळते. दात गेला की तो पडदा गेला, रक्त तुटले, आणि काही आठवड्यांत ती कड झिजू लागते.

आपल्याकडे भातखाचराच्या बांधावर एखादे जुने झाड असते. बांधाची बाहेरची कड त्याच्या मुळ्यांनीच धरलेली असते. ते झाड खुंटासकट उपटले की पहिल्या पावसाळ्यात कड ढासळते. त्या खड्ड्यात तुम्ही सिमेंटचा खांब रोवलात तर खांब उभा राहील, पण कड ढासळायची ती ढासळणारच. खांबाला मुळ्या नाहीत. ब्राझीलचे मॉरिसिओ अराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी २००५ साली कुत्र्यांच्या जबड्यांवर केलेल्या अभ्यासांत नेमके हेच दाखवले : दात काढल्यावर ओठाकडची भिंत उंचीने कमी होते, आणि खड्ड्यात लगेच स्क्रू बसवल्याने ते थांबत नाही. त्याआधी पुष्कळ जण समजत होते, की लगेच स्क्रू बसवला म्हणजे हाड जागेवर राहते. दुर्दैवाने अजूनही काही ठिकाणी गिऱ्हाइकाला तसेच सांगितले जाते.

हाड खाली बसले की हिरडी त्याच्यामागे जाते. वरच्या दातात हिरडी वर सरकते, म्हणून दात लांब दिसतो. हिरडी पातळ असेल तर आतला धातू करड्या रंगाने जाणवतो. वहिनींची काळसर कड बहुधा तीच असावी. हे सारे पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिल्या दिवशी हिरडी जिथली तिथे असते, तात्पुरता दात तिला आधार देतो, आरशात पाहून घरचे खूश होतात, दवाखान्यात फोटो काढला जातो. बियाणे उगवले त्या दिवशीच्या फोटोवरून कुणी पिकाचा अंदाज बांधत नाही. या दाताचा फोटो मागायचा तर एक वर्षानंतरचा आणि तीन वर्षांनंतरचा मागावा.

किती जणांचे असे होते? स्टीफन चेन आणि डॅनियल बुसर या दोघांनी २०१४ साली लगेच बसवलेल्या दातांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. एक ते तीन वर्षांत ओठाकडची हिरडी एक मिलीमीटरहून अधिक सरकलेली कुठे ९ टक्के, कुठे ४१ टक्के जागांत आढळली. मधला आकडा २६ टक्के, म्हणजे साधारण चारांत एक. एक मिलीमीटर म्हणजे भाताच्या दाण्याच्या निम्म्या जाडीइतके. दाढेला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. समोरच्या दोन दातांत मात्र माणसाची नजर एवढा फरक लगेच पकडते, कारण शेजारी तसाच दुसरा दात मापाला उभा असतो.

आता ज्याने त्याने आपली जमीन ओळखावी. पहिली गोष्ट हिरडीची जात. काहींची हिरडी जाड, घट्ट असते, काहींची पातळ, आतली निळसर शीर दिसावी अशी. दंतवैद्य आपली बारीक सळई हिरडीच्या कडेत घालून पाहतात. सळई आरपार दिसली तर हिरडी पातळ समजावी. अमेरिकेतील जोसेफ कान यांनी लगेच दात बसवलेल्या रुग्णांना सरासरी चार वर्षांनी पुन्हा पाहिले, तो अहवाल २०११ चा आहे. जाड हिरडीवाल्यांत कड सरासरी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास सरकली होती, पातळवाल्यांत दीड मिलीमीटर. वैद्य तसेच, काम तसेच, मग फरक पडला तो हिरडीच्या जातीने.

दुसरी गोष्ट हाताची. स्क्रू खड्ड्यात कुठे बसतो यावर फार अवलंबून आहे. मेलबर्नचे इव्हान्स आणि चेन यांनी २००८ साली ४२ स्क्रू तपासले. जे ओठाकडे झुकले होते त्यांची हिरडी सरासरी १.८ मिलीमीटर सरकलेली, जे आत टाळूकडे बसवले होते त्यांची ०.६. तिपटीचा फरक! खांब कडेला रोवायचा नाही, आतल्या बाजूला रोवायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण रिकाम्या खड्ड्यात ड्रिल आपोआप ओठाकडच्या मोकळ्या बाजूला घसरते, म्हणून हे काम नवशिक्याचे नाही.

आत बसवल्यावर स्क्रू आणि पुढची भिंत यांच्यात फट राहते. तिच्यात हाडाची पूड भरतात, म्हणजे कड थोडीफार टिकते. हिरडी पातळ असेल तर टाळूच्या कातडीखालचा एक तुकडा काढून पुढच्या हिरडीखाली घालतात, म्हणजे गोधडी जाड होते. त्यामुळे धातूचा करडेपणाही झाकतो. या दोन गोष्टी करणार आहात का, हे आधी विचारावे, आणि त्यांचा खर्च आकड्यात आहे की मागाहून सांगणार, हेही विचारावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण कुणी विचारत नाही आणि मग वाईट वाटून घेतात. ही हाडाची पूड पुष्कळदा गाईबैलांच्या हाडापासून केलेली असते, आणि वर पांघरायचा पातळ पडदा कधी गुरांच्या, कधी डुकराच्या ऊतीचा असतो. तो शुद्ध करून घेतलेला असतो, वैद्यकाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण माळ घातलेल्या घरात, किंवा मुसलमान बांधवांच्या घरात, तो प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाचा आहे. कारखान्यात तयार केलेली कॅल्शियमची पूडही मिळते, आपल्याच जबड्यातले हाडाचे कणही वापरता येतात. काम सुरू होण्याआधी विचारले तर वैद्य नाही म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट, मुळाशी काय आहे ती. पू झालेला असेल, किंवा पुढची भिंत आधीच फुटली असेल, तर लगेचचा हट्ट धरू नये. अपघातात मूळ मोडते तेव्हा भिंतीलाही तडा गेलेला असू शकतो, आणि साध्या एक्स-रेत ती बाजू दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा जबड्याचा स्कॅन काढतात. कल्याण-ठाण्यात तो निघतो. ज्या दवाखान्यात या स्कॅनशिवाय समोरच्या दाताला हात घालायची तयारी दाखवतील, तिथून दुसरीकडे दाखवायला जावे असे माझे मत आहे. माती परीक्षणाशिवाय खताचा हप्ता सांगणाऱ्या माणसावर तुम्ही किती विश्वास ठेवता?

अशा जागी मधला मार्ग आहे. दात काढून सहा ते आठ आठवडे थांबतात. तोवर हिरडी खड्ड्यावर मिटून येते, पू असेल तर बरा होतो, आणि मग स्क्रू बसवून पुढची बाजू भरून घेतात. यात हिरडी सरकण्याचे प्रमाण कमी दिसते. मात्र दोन वेळा खुर्चीत बसावे लागते आणि जाहिरातीला हे चांगले दिसत नाही.

एक समाधानाची बाजूही सांगतो. दोन दातांमधला हिरडीचा जो त्रिकोण असतो, तो शेजारच्या खऱ्या दाताच्या हाडावर उभा असतो. म्हणून एकच दात गेला असेल आणि दोन्ही बाजूंचे दात निरोगी असतील, तर तिथे सुरुवातीला दिसणारी काळी फट वर्षभरात बरीच भरून येते. त्यासाठी लगेच घाबरून वैद्याशी भांडू नये. शेजारी शेजारी दोन स्क्रू असतील तर मात्र मधला त्रिकोण पुरता येईलच असे नाही.

व्हिएन्नाच्या रुडॉल्फ फ्युरहाउझर यांनी २००५ साली हिरडीला गुण देण्याची एक रीत मांडली, ती मला आपल्या पीक स्पर्धेच्या गुणतक्त्यासारखी वाटली. दोन्ही बाजूंचे त्रिकोण, कडेची उंची, कडेचा आकार, वरच्या हाडाचा फुगीरपणा, रंग आणि पोत, या सातांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण चौदा. जोडीच्या दातापाशी जशी हिरडी आहे तिच्याशी तुलना करायची. घरी उजेडात, ओठ वर करून, आरशात हे कुणीही पाहू शकतो. दात बसवण्याआधी, महिन्याने आणि वर्षाने मोबाइलवर एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवावा. कड सरकत असेल तर डोळ्यांना रोज पाहून कळत नाही, फोटोत कळते.

आता ताईचे. दादा, लग्नाची तारीख आणि दात काढण्याची तारीख एकमेकींना बांधू नका. लगेच बसवला तरी त्या संध्याकाळी जो दात मिळतो तो तात्पुरता असतो. कायमचा दात तीन-चार महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा, हिरडी स्थिरावल्यावर करतात. म्हणजे वैशाखात मांडवात ताई तात्पुरत्याच दाताने उभी राहणार, रीत कुठलीही घ्या. तो तात्पुरता दात स्क्रूशिवायही देता येतो. तिचाच मोडलेला दात घरात जपून ठेवला असेल तर तो स्वच्छ करून शेजारच्या दातांना मागून चिकटवता येतो, किंवा एका दाताची काढता-घालता येणारी कवळी करता येते. फोटोत कुणाला समजणार नाही. तेव्हा स्कॅन काढा, हिरडीची जाडी पाहायला सांगा, ताई मोकळेपणी हसते तेव्हा ओठ हिरडीच्या वर जातो का तेही पाहायला सांगा. हिरडी जाड, भिंत शाबूत, पू नाही, वैद्य अनुभवी, तर लगेच बसवायला हरकत नाही. यातले एक जरी कमी असेल तर थांबून बसवा. खासगीत एका दाताला वीस-पंचवीस हजारांपासून पुढे कितीही लागतात. वैशाखाची घाई गेली तर म्हैसही एक वेत दूध देऊन जाईल.

स्क्रूच नको असेल तर शेजारच्या दोन दातांना आधाराला घेऊन ब्रिज करतात. ताईचे शेजारचे दात अखंड असतील तर ते तासायला लागणे वाईट. आधीच भरलेले, टोपीचे असतील तर ब्रिज स्वस्तात काम देतो.

वहिनींसाठीही दोन शब्द. टाळूचा तुकडा लावून आणि वरची टोपी नव्या आकाराची करून कड काही प्रमाणात खाली आणता येते. टोपी पुढे फार फुगीर केली असेल तर तीच हिरडीला वर ढकलते, तेवढी बदलली तरी फरक पडतो. स्क्रूच ओठाकडे झुकलेला असेल तर मात्र पूर्ण दुरुस्ती अवघड, कधी तो काढावाही लागतो. दुखत नसेल, रक्त-पू येत नसेल तर ही घाईची गोष्ट नाही. दाबल्यावर पू आला किंवा घासताना रक्त येऊ लागले, तर मात्र दिसण्याचा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवावे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी. बैलाने शिंग हाणले, विहिरीच्या काठावर पडला आणि पोराचा पक्का दात आख्खा निघून आला, तर तो फेकू नये. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये, थंड दुधात बुडवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा जागेवर बसवता येतो. दूध तर आपल्या घरात असतेच. दुसरे, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्क्रू बसवायला जाऊ नये. जबडा वाढत असतो, शेजारचे दात त्याबरोबर खाली येतात, स्क्रूचा दात तिथेच राहतो आणि मागे पडतो.

आणि मशेरी. शहापूर-मुरबाडच्या घराघरांत सकाळी बोटावर मशेरी घेऊन समोरच्या हिरडीवर घासणाऱ्या माताभगिनी मी वर्षानुवर्षे पाहत आलो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, मशेरी चुलीवर भाजली जातेच आहे. तंबाखूने हिरडीचे रक्त कमी होते, आणि बोटाच्या घासण्याने कड झिजते. एवढे हजार खर्चून बसवलेल्या दातावर मशेरी घासायची असेल तर म्हैस गोठ्यातच ठेवलेली बरी. विडी-सिगारेटचे तेच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्यावरच हे काम काढावे. बसवल्यानंतर पहिले दोन-तीन महिने त्या दाताने भाकरीचा पापुद्राही तोडू नये. तात्पुरता दात खालच्या दाताला टेकत नाही ना, ते वैद्याकडून पाहून घ्यावे. स्क्रू हलला तर हाड धरत नाही, हलवलेले कलम जसे धरत नाही.

दुसरे मत घ्यायचे असल्यास मुंबईत दोन जुन्या जागा आहेत. एक शासकीय दंत महाविद्यालय, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून चालत जाता येते. दुसरे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. शहापूरकरांनी आसनगाव, आटगाव किंवा खर्डीहून लोकल धरावी, मुरबाडकरांनी एस.टी.ने कल्याण गाठावे. सकाळी लवकर पोहोचावे, कारण केसपेपरची रांग मोठी असते. जुने एक्स-रे आणि मोडलेला दात सोबत न्यावा.